बिनसहीची चित्रं

डंडी हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं शहर बंगालच्या तागावर मोठं झालं. कलकत्त्याहून जहाजं भरभरून ताग यायचा आणि इथल्या गिरण्यांत त्याचं गोणपाट विणलं जायचं. ताग, मुरंबा आणि छापखाना या तीन धंद्यांवर आपलं शहर उभं आहे, असं तिथले लोक सांगत. तागाच्या धंद्याला पुढे हुगळीकाठच्या गिरण्यांनीच ग्रहण लावलं, मुरंब्याचाही दिमाख ओसरला. टिकला तो छापखाना, म्हणजे डी. सी. थॉमसन ही वृत्तपत्रं आणि साप्ताहिकं काढणारी कंपनी. ४ डिसेंबर १९३७ ही तारीख घालून या कंपनीनं मुलांसाठी एक चित्रमय साप्ताहिक बाजारात आणलं. नाव ‘द डँडी’, किंमत दोन पेन्स आणि पहिल्या अंकासोबत पत्र्याची शिट्टी फुकट. पुढच्या वर्षी ३० जुलैला त्याचं धाकटं भावंड आलं, ‘द बीनो’. त्याच्यासोबत मुखवटा होता.

ब्रिटनमधल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्याच्या बालपणाबद्दल बोलतं केलं, की यातलं एक तरी नाव निघतंच. डेस्परेट डॅन, डेनिस द मेनेस, बॅश स्ट्रीटची पोरं यांच्याविषयी तो घरातल्या माणसांविषयी बोलावं तसा बोलतो. पण ही पात्रं काढली कोणी, असं विचारलं तर याच पिढीतले बहुतेक जण बराच काळ निरुत्तर होत. त्यात त्यांचा दोष नव्हता. अंकात चित्रकाराचं नाव छापलेलंच नसे. म्हणून ब्रिटिश कॉमिकचा इतिहास सांगायचा, तर गाळलेल्या नावांची गोष्ट सांगावी लागते.

या धंद्याचा पाया स्वस्ताई हाच होता. १८९० मध्ये आल्फ्रेड हार्म्सवर्थनं ‘कॉमिक कट्स’ काढलं ते अर्ध्या पेनीला. हाच हार्म्सवर्थ पुढे ‘डेली मेल’चा संस्थापक आणि वृत्तपत्रसृष्टीचा सम्राट झाला. अर्ध्या पेनीत नफा काढायचा तर मजकूर आणि चित्रं दोन्ही घाऊक भावात हवीत. चित्रकारानं पान आणून द्यायचं, ठरलेले पैसे घ्यायचे आणि निघायचं. पात्र मालकाचं, मूळ चित्रही मालकाचं. वाचकाला त्या पात्राचा लळा लागला तरी चित्रकाराला त्याचा वाटा नाही. त्याचं नावच ठाऊक नसल्यानं दुसऱ्या मालकाला त्याला जादा पैसे देऊन पळवताही येत नसे.

नाव छापलं तरी ते खरं असेलच असं नव्हतं. १९०८ पासून निघणाऱ्या ‘द मॅग्नेट’ या मुलांच्या कथा-साप्ताहिकात ग्रेफ्रायर्स नावाच्या निवासी शाळेच्या आणि तिथल्या खादाड बिली बंटरच्या गोष्टी येत. खाली लेखकाचं नाव असे फ्रँक रिचर्ड्स. १९४० मध्ये जॉर्ज ऑरवेलनं ‘होरायझन’ मासिकात मुलांच्या साप्ताहिकांवर एक गाजलेला निबंध लिहिला. तीस वर्षं दर आठवड्याला इतकं लिहिणं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही, तेव्हा हे नाव अनेक जण मिळून वापरत असणार, असा त्याचा कयास होता. त्यावर खुद्द फ्रँक रिचर्ड्सनं उत्तर पाठवलं, की मी एकच माणूस आहे. तोही अर्धसत्य सांगत होता. त्याचं खरं नाव चार्ल्स हॅमिल्टन, आणि अधूनमधून त्याच्या नावावर इतरांनीही लिहिलं होतं. याच ग्रेफ्रायर्समध्ये भानीपूर नावाच्या काल्पनिक संस्थानाचा नबाब हरी जमसेट रामसिंग शिकत असे. हिंदू, पारशी आणि शीख अशी तिन्ही वळणं एकाच नावात कोंबणाऱ्या लेखकाला हिंदुस्थान किती ठाऊक होता, ते उघड आहे. त्याचं वेडंवाकडं इंग्रजी हाच विनोद. ऑरवेलनं या साप्ताहिकांवर ठेवलेला एक ठपका हाच होता, की यांतला परदेशी माणूस हसण्यासाठीच असतो.

थॉमसनच्या दोन अंकांनी मुलांना निराळं काही दिलं. आधीच्या कॉमिकमध्ये चित्राखाली लांबलचक मजकूर असायचा. ‘डँडी’ आणि ‘बीनो’नं अनेक गोष्टींत तो काढून टाकला आणि बोलणं पात्रांच्या तोंडून, फुग्यांतून वदवलं. गोष्ट धावू लागली. त्यांचा सर्वांत भरवशाचा चित्रकार होता मँचेस्टरमध्ये जन्मलेला डडली वॉटकिन्स. डेस्परेट डॅन त्याचा. गालावर दाढीचे खुंट, अंगात राक्षसी ताकद आणि जेवायला अख्खी गाय घालून भाजलेला ‘पाय’ (pie), त्यातून शिंगं बाहेर आलेली. ‘बीनो’तला लॉर्ड स्नूटी त्याचाच, आणि ‘संडे पोस्ट’ या रविवारच्या वृत्तपत्रात मार्च १९३६ पासून चाललेल्या ‘ऊर वुली’ आणि ‘द ब्रून्स’ या स्कॉटिश बोलीतल्या चित्रमालिकाही त्याच्याच. तो कंपनीला इतका हवाहवासा होता, की १९४६ पासून त्याला चित्राखाली सही करायची मुभा मिळाली. बाकी जवळजवळ कोणालाच ती नव्हती. १९६९ मध्ये वॉटकिन्स गेला तो चित्र काढायच्या मेजावरच.

दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई आली. ‘द मॅग्नेट’ १९४० मध्येच बंद पडला. ‘डँडी’ आणि ‘बीनो’ आळीपाळीनं, एका आठवड्याला हा आणि दुसऱ्याला तो, असे निघू लागले. हे १९४९ पर्यंत चाललं. हिटलर आणि गोअरिंग यांना ‘डँडी’नं उपाशीपोटी खाण्यामागे धावणारे दोन बावळट बनवलं. वाचणाऱ्या पोरांच्या घरी मात्र मांस, लोणी, साखर सगळंच शिधापत्रिकेवर होतं. ब्रिटनमधलं रेशनिंग पूर्णपणे उठलं ते जुलै १९५४ मध्ये. इतकी वर्षं डेस्परेट डॅनचा तो शिंगांचा ‘पाय’ दर आठवड्याला पाहणाऱ्या मुलांना विनोदाइतकाच त्याचा वासही येत असणार. १९५० मध्ये ‘बीनो’चा खप आठवड्याला वीस लाखांच्या घरात पोचला होता. एक अंक हातोहात किती जण वाचत, ते वेगळंच.

त्याच वर्षी या हास्यविनोदाशेजारी एक वेगळाच अंक येऊन उभा राहिला. लँकशरमधल्या साउथपोर्टजवळ बर्कडेल इथे मार्कस मॉरिस नावाचे पाद्री होते. चर्चचं ‘द अँव्हिल’ हे मासिक पदराला खार लावून देखणं काढण्याची त्यांना हौस होती. अमेरिकेहून येणाऱ्या भयकथांच्या कॉमिकनी ते अस्वस्थ झाले आणि १९४९ च्या सुरुवातीला त्यांनी एका रविवारच्या पत्रात त्याविरुद्ध खरमरीत लेख लिहिला. पण नुसती तक्रार करून न थांबता त्यांनी फ्रँक हॅम्पसन या लष्करातून परतलेल्या तरुण चित्रकाराला हाताशी धरलं आणि एका नव्या अंकाचा नमुना तयार केला. तो घेऊन ते लंडनच्या प्रकाशकांचे उंबरे झिजवत राहिले. शेवटी हल्टन प्रेसनं होकार दिला. १४ एप्रिल १९५० रोजी ‘ईगल’ निघाला. मोठा आकार, उत्तम कागद, रंगीत छपाई. पहिल्या अंकाच्या नऊ लाखांच्या आसपास प्रती खपल्या.

‘ईगल’चा नायक डॅन डेअर, भविष्यातला वैमानिक. सुरुवातीच्या आराखड्यात तो अंतराळदलाचा पाद्री होता. पुढे कॉलर गेली, सचोटी राहिली. पृथ्वीवर अन्नधान्याचा तुटवडा पडलाय म्हणून माणसं शुक्रावर जातात, अशी त्याची पहिली गोष्ट. शिधापत्रिकेच्या काळातल्या वाचकाला अंतराळात जायला याहून पटण्याजोगं कारण लागत नव्हतं. तिथे हिरव्या कातडीच्या ट्रीन लोकांचा प्रचंड डोक्याचा हुकूमशहा मेकन भेटतो. हॅम्पसननं या पानांसाठी एका जुन्या बेकरीच्या जागेत चित्रकारांचा ताफा बसवला. यानांच्या प्रतिकृती बनवल्या, वेश शिवून घेतले, सहकाऱ्यांना निरनिराळ्या पवित्र्यांत उभं करून छायाचित्रं घेतली आणि त्यावरून चित्रं काढली. अंतराळदलाचे प्रमुख सर ह्यूबर्ट गेस्ट यांचा चेहरा म्हणजे हॅम्पसनचे वडील. आर्थर सी. क्लार्क सुरुवातीच्या काळात शास्त्रीय सल्ला देत. एवढा खटाटोप दर आठवड्याच्या दोन पानांसाठी.

‘ईगल’मध्ये हॅम्पसनची सही छापली जायची. हक्क मात्र कंपनीचे. १९५९ मध्ये हल्टनचा धंदा दुसऱ्या प्रकाशकाकडे गेला. नव्या मालकांना एवढा ताफा परवडत नव्हता. हॅम्पसन डॅन डेअरपासून दूर झाला, त्यानं ‘ईगल’साठी येशूचं चरित्र चितारलं आणि मग ‘ईगल’ही सोडला. पुढे लेडीबर्डच्या बालपुस्तकांसाठी चित्रं काढली आणि सरे परगण्यातल्या एका महाविद्यालयात तंत्रसहायकाची नोकरी केली. १९७५ मध्ये इटलीतल्या लुक्का शहरातल्या कॉमिक-महोत्सवात महायुद्धानंतरचा सर्वश्रेष्ठ चित्रकथाकार म्हणून त्याचा गौरव झाला. १९८५ मध्ये तो वारला. त्याआधीच, १९७७ मध्ये, डॅन डेअर एका नव्या अंकात पुन्हा अवतरला होता. त्यात हॅम्पसनचा हात नव्हता.

डंडीत मात्र वॉटकिन्स सोडला तर सहीचा प्रश्नच नव्हता. १९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर थॉमसननं कामगार संघटनांना दारं बंद केली होती, आणि संघटना नाही म्हणजे दरांवर घासाघीस नाही. तरी पन्नासच्या दशकात इथे प्रतिभेचा असा बहर आला, की ‘बीनो’ त्यानंतर दोन-तीन पिढ्या त्याच्यावर जगला. मार्च १९५१ मध्ये डेव्हिड लॉनं काढलेला डेनिस आला. त्याच महिन्यात, त्याच आठवड्यात अमेरिकेत हँक केचमचा त्याच नावाचा खोडकर पोरगा वृत्तपत्रांत सुरू झाला. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. अमेरिकन डेनिस गोंडस, भाबडा. स्कॉटिश डेनिस मनापासून वाईट, केस पिंजारलेले आणि दर गोष्टीच्या शेवटी बापाच्या सपातेचा मार खाणारा. १९५३ मध्ये केन रीडनं रॉजर द डॉजर आणला आणि लिओ बॅक्सेंडेल नावाच्या लँकशरच्या तेवीस वर्षांच्या पोरानं मिनी द मिंक्स. ही म्हणजे मुलीच्या रूपातला डेनिस, पण त्याच्याहून जास्त बेरकी.

१९५४ मध्ये बॅक्सेंडेलनं बॅश स्ट्रीटची शाळा उघडली. कंपनीच्या खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान दिसायचं, त्यावरून ही कल्पना सुचली, असं सांगतात. एका मोठ्या चौकटीत डझनावारी पोरं, प्रत्येकाचा उद्योग वेगळा, कोपऱ्यात उंदीर-मांजरांचा तिसराच विनोद. मास्तरांचा पाडाव झाल्याशिवाय पान संपत नसे. मुलं हे पान पुन:पुन्हा वाचत, कारण एका वाचनात ते संपत नव्हतं. हे सगळं काढणारा माणूस मजुरीवर होता. आठवड्याला इतकी पानं काढून तो थकला आणि १९६२ मध्ये ‘बीनो’ सोडला. चित्रं त्याच्या शैलीची नक्कल करत दुसऱ्यांच्या हातून चालू राहिली. वाचकांना फरक कळू नये हीच तर बिनसहीच्या चित्रांची सोय होती.

बॅक्सेंडेलनं ती सोय मान्य केली नाही. १९८० मध्ये त्यानं आपल्या पात्रांच्या हक्कांसाठी थॉमसनवर दावा लावला. सात वर्षं तो लढला. १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. पात्रं कंपनीकडेच राहिली, पण ती कोणी घडवली हे आता लपण्यासारखं राहिलं नाही. २०१७ मध्ये तो गेला तेव्हा ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याच्यावर मोठमोठे मृत्युलेख लिहिले.

मोठ्यांची करडी नजर या अंकांवर सतत होती. सप्टेंबर १९५४ मध्ये ग्लासगोच्या गोर्बल्स वस्तीत शेकडो मुलं चाकू-काठ्या घेऊन दफनभूमीत शिरली. लोखंडी दातांचा रक्तपिपासू राक्षस दोन मुलांना खाऊन तिथे लपलाय, अशी आवई उठली होती. मुलं कोणाची हरवली नव्हती. दोष गेला अमेरिकन भयकथांच्या कॉमिककडे, जरी तसा राक्षस तेव्हा कोणत्याही कॉमिकमध्ये दाखवता आला नाही. शिक्षक, चर्च आणि कम्युनिस्ट या कधी एकत्र न येणाऱ्या मंडळींनी मिळून ओरड केली आणि १९५५ मध्ये मुलांना अपायकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा झाला.

मुलींसाठी निराळी साप्ताहिकं होती आणि त्यांचा संसार मोठा होता. १९५८ पासून ‘बंटी’, तिच्या मागच्या पानावर कापून घ्यायची कागदी बाहुली आणि तिचे कपडे. १९६४ पासून ‘जॅकी’, गाण्याच्या ताऱ्यांची छायाचित्रं आणि वयात येणाऱ्या मुलींच्या पत्रांना उत्तरं. सत्तरच्या दशकात ‘टॅमी’ आणि ‘मिस्टी’त दुष्ट पालक, अनाथ नायिका, भुताटकी असा मालमसाला आला. या गोष्टी लिहिणारे बहुतेक पुरुष होते. नावं नसल्यानं वाचणाऱ्या मुलींना त्याचा पत्ता नव्हता.

नव्या अंकांचं आयुष्य अल्प असे. सुरुवातीचे दोन-तीन अंक फुकट भेटींसह खपवायचे, खप घसरला की एका आठवड्यात मुखपृष्ठावर ‘आनंदाची बातमी’ झळकवायची. ती बातमी म्हणजे तुमचा आवडता अंक पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या अंकात विलीन. ‘मिस्टी’ ‘टॅमी’त गेला, ‘ईगल’ १९६९ मध्ये ‘लायन’मध्ये. हे वाचून रडलेली पोरं आज आजी-आजोबा आहेत.

फेब्रुवारी १९७६ मध्ये पॅट मिल्सनं ‘अ‍ॅक्शन’ काढलं. दंगेखोर पोरं, माणसं खाणारा शार्क, रक्ताचे सडे. वृत्तपत्रं खवळली, दूरचित्रवाणीवर संपादकीय प्रमुखाची झाडाझडती झाली आणि ऑक्टोबरचा एक छापून झालेला अंक लगद्यात गेला. मिल्सनं धडा वेगळाच घेतला. रस्त्यावरची हिंसा चालत नसेल तर ती भविष्यकाळात न्यावी. फेब्रुवारी १९७७ मध्ये आलं ‘२००० एडी’, आणि दुसऱ्या अंकात जज ड्रेड. तो लिहिला जॉन वॅग्नरनं आणि घडवला कार्लोस एस्केरा या स्पॅनिश चित्रकारानं. मिल्स आणि वॅग्नर दोघेही डंडीच्या थॉमसनमध्ये उमेदवारी करून आले होते. पहिल्याच वर्षी केविन ओ’नील या तरुण कला-संपादकानं वरच्यांची परवानगी न घेता प्रत्येक गोष्टीच्या पानावर लेखक, चित्रकार आणि अक्षरकार यांची नावं छापायला सुरुवात केली. हे मालकांच्या ध्यानात येईस्तोवर प्रथा पडून गेली होती.

नावं छापली जाऊ लागली, तसा वाचक लेखकाच्या मागे जाऊ लागला. अ‍ॅलन मूर या लेखकानं ‘२००० एडी’तली ‘हॅलो जोन्स’ ही गोष्ट १९८६ मध्ये अर्धीच सोडली, कारण तिचे हक्क त्याला मिळत नव्हते. तोपर्यंत अमेरिकी प्रकाशकांनी त्याला आणि चित्रकार डेव्ह गिबन्सला ‘वॉचमन’साठी बोलावून घेतलं होतं. शंभर वर्षं मालकांना जी भीती होती ती खरी ठरली. नाव कळलं की माणूस जातो.

ब्रिटनमध्ये राहिलेली अनेक साप्ताहिकं दूरचित्रवाणी आणि संगणकावरच्या खेळांपुढे टिकली नाहीत. ‘डँडी’ची छापील आवृत्ती ४ डिसेंबर २०१२ रोजी, बरोबर पंचाहत्तराव्या वाढदिवशी थांबली. ‘बीनो’ आजही निघतो. मग उरलं ते स्मरणरंजन, आणि त्याला चांगला भाव आहे. २००४ मध्ये ‘डँडी’चा पहिला अंक शिट्टीसकट लिलावात वीस हजारांहून जास्त पौंडांना गेला, म्हणजे मूळ किमतीच्या चोवीस लाख पट. चित्रकाराच्या वारसांना त्यातला एक पेनीही मिळण्याचा प्रश्न नव्हता.

या स्मरणरंजनात बरंच काही सोयीनं विसरलंही जातं. सुरुवातीच्या ‘बीनो’च्या नावाशेजारी कलिंगड खाणारा काळा मुलगा असे, आणि ‘लिटल प्लम’मध्ये अमेरिकेतले मूळ रहिवासी चेष्टेचा विषय होते. ज्या सपातेच्या मारावर पिढ्या हसल्या तो पुढे बंद करावा लागला. ते सोनेरी दिवस सगळ्यांसाठी सोनेरी नव्हते.

तरी स्मरणरंजनात रमलेल्या हौशी मंडळींनीच एक काम केलं, जे मालकांनी केलं नसतं. डेनिस गिफर्ड शाळेत असल्यापासून कॉमिक जमवायचा आणि स्वत: काढायचाही. घर अंकांनी भरलं तरी तो थांबला नाही. १९७५ मध्ये त्यानं ब्रिटिश कॉमिकची शंभर वर्षांची सूची प्रसिद्ध केली, तीन वर्षांनी समानधर्मी लोकांचा संघ काढला. रेषेची वळणं, कानांचा आकार, बुटांची टोकं पाहून हे पान कोणाचं ते ओळखायचं, म्हाताऱ्या चित्रकारांना शोधून त्यांच्याकडून खातरजमा करायची, हे त्यानं आणि त्याच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं केलं. २००० मध्ये तो वारला. २०१६ आणि २०१८ मध्ये ‘२००० एडी’ चालवणाऱ्या रिबेलियन कंपनीनं जुन्या अंकांचा प्रचंड साठा विकत घेतला. आता त्यातल्या गोष्टी पुस्तकरूपानं येतात आणि मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव असतं.

यातलं काही आपल्याकडेही पोचलं होतं. १९६१ पासून निघणारी ‘कमांडो’ची खिशात मावणारी युद्धपुस्तकं आणि ‘बीनो’चे नाताळ-वार्षिकांक मुंबई-पुण्यातल्या रद्दीवाल्यांकडे आणि भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत मिळत. मराठीतून भेटलेला वेताळ (फँटम) मात्र अमेरिकी होता. आणि त्याच मुंबईत १९६७ मध्ये अनंत पैंनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. तिच्यातला ‘कृष्ण’ साकारणारे राम वाईरकर आणि कितीतरी पौराणिक-ऐतिहासिक नायकांना चेहरे देणारे पुण्याचे प्रताप मुळीक यांची नावं, त्यांची चित्रं पाहून मोठ्या झालेल्या किती वाचकांना आज सांगता येतील? माळ्यावर जुनी बालमासिकं, चित्रकथा असतील तर रद्दीत देण्याआधी एकदा उघडा, चित्र कोणी काढलंय ते शोधा आणि लिहून ठेवा.